बारदान्यासकट पंधरा किलो

बऱ्हाणपूरला समुद्र नाही, हे मला सगळ्यांनी सांगून झालं आहे. मी शाळेत भूगोल शिकवते, तरी सांगतात. तापी आहे, पण ती मे महिन्यात गुडघ्याएवढी होते आणि तिच्यात डुबकी मारायला कुणी रबराचा पोशाख घालत नाही. त्यामुळे मी दर वर्षी उन्हाळ्याच्या सुटीत अंदमानला जाऊन समुद्राच्या तळाशी मासे बघून येते, ही गोष्ट आमच्या इतवाऱ्यातल्या गल्लीला अजून पचलेली नाही. खायचे नाहीत, धरायचे नाहीत, मग बघायचे कशाला, असा त्यांचा साधा प्रश्न असतो. त्याचं उत्तर मला नीट देता येत नाही म्हणून मी हसते, आणि मी हसले की गल्लीची खात्रीच पटते की हिचं काहीतरी बिनसलंय.

खरं उत्तर असं आहे की खाली कुणी बोलत नाही. माझं माहेर तापीपलीकडचं, जैनाबादचं. पाठीला भोपळा बांधून मी नदीत पोहायला शिकले, त्यामुळे पाण्याची भीती मला कधी नव्हती. लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर आम्ही नवरा-बायको सहलीवाल्यांबरोबर अंदमानला गेलो. तिथे बोटीवर माझा नवरा कठड्याला धरून ओकत बसला होता, आणि बोटवाल्यानं विचारलं की पाठीला हवेची टाकी लावून खाली कोण येतं. मी हात वर केला. खाली गेले आणि घरातलं, शाळेतलं, गल्लीतलं सगळं बोलणं एका झटक्यात बंद झालं. नुसता माझा श्वास ऐकू येत होता. मासे मला फार उशिरा दिसले.

मग मी ते रीतसर शिकले आणि एकेक करून माझं स्वतःचं सामान झालं. पायात घालायचे लांब रबरी पंख, डोळ्यांवरचा मास्क, अंगाला चिकटून बसणारा जाड रबराचा सूट, हवा भरली की फुगणारं जाकीट, आणि तोंडात धरून श्वास घ्यायची नळी, जिच्या टोकाला पितळेचा चांगला वजनदार गट्टू असतो. भाड्याचं सामान तिथे मिळतं, पण भाड्याच्या मास्कमध्ये माझ्या नाकाजवळून पाणी शिरतं आणि भाड्याच्या सुटात आधी कोण कोण काय काय करून गेलं असेल, हा विचार खाली गेल्यावर नेमका आठवतो. मी सामान वाळत घातलं की गल्लीतल्या बायका बघायला येतात. पंख पाहून एक वहिनी म्हणाल्या होत्या, "बाई, हे बदकाचे पाय कोणाचे?" आणि सगळं बघून झाल्यावर हमखास विचारतात, "अन् टाकी कुठंय?" टाकी तिथेच मिळते, असं सांगितलं की त्यांचा विरस होतो. टाकीच नाही, तर मग काय पाहिलं!

विमानं आमच्यासारख्यांच्या आवाक्यात आली तेव्हाची ही गोष्ट. माणूस स्वस्तात जायचा, पण त्याचं सामान मात्र थाटात जायचं. तिकिटावर पंधरा किलो फुकट, त्याच्यावर प्रत्येक किलोला वेगळे पैसे. आदल्या वर्षी मी माझी बॅग माझ्याच हातानं भरली होती. सामान जास्त निघालं, इंदूरच्या विमानतळावर पैसे भरावे लागले आणि उतरून पाहते तो मास्कच्या काचेला तडा गेलेला. माझा नवरा केळीच्या धंद्यातला माणूस. शेतकऱ्यांची केळी आमच्या शेडवर येते, तिथे वजन होतं आणि ट्रक भरून दिल्लीकडे जातो. भाडं, वजन आणि नुकसान या तीन गोष्टींवर तो झोपेतसुद्धा बोलू शकतो. त्यानं ते वर्षभर मला ऐकवलं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, ही म्हण मी त्या वर्षात इतक्या वेळा ऐकली की कोंबडी या प्राण्यावरचं माझं मन उडालं.

पुढच्या वर्षी बॅग भरायची वेळ आली तेव्हा मी दिवाणखान्यात सामान पसरून रडवेली बसले होते. माझे सासरे, आबा, दारातून बघत होते.

"कायले तोंड पाडून बसली?" त्यांनी विचारलं.

"पंधरा किलोत बसत नाही, आबा."

"कोणाच्या हातानं बसत नाही?" असं म्हणून ते आत आले.

आबांबद्दल इथे सांगायला हवं. शेड मुळात त्यांची. बऱ्हाणपूरच्या स्टेशनावर केळीचे घड आगगाडीच्या डब्यात भरायचे, तेव्हापासून ते या धंद्यात. केळी दिल्लीपर्यंत जाऊन एका फणीला डाग पडू नये, अशी भरणी करणारा माणूस म्हणून तुकईथडपासून बऱ्हाणपूरपर्यंत सगळे त्यांना ओळखायचे. वजनाच्या बाबतीत तर ते देवाचंही ऐकत नसत. पण नवऱ्यानं शेडवर आकडे दाखवणारा नवा काटा आणला आणि गडबड झाली. आबांचा त्या आकड्यांवर विश्वास नव्हता. नव्या काट्यावर झालेलं वजन ते आपल्या जुन्या टांगत्या तराजूवर पुन्हा करायला लावायचे. ट्रक खोळंबायचे, ड्रायव्हर शिव्या द्यायचे, उन्हात केळी पिवळी पडायची. शेवटी एक दिवस नवरा म्हणाला, "आबा, आता तुम्ही घरीच आराम करा." आबा काट्याजवळच्या आपल्या गादीवरून उठले आणि चप्पल घालून घरी आले.

तेव्हापासून ते दारापुढच्या ओट्यावर बसून असत. भाजीवालीनं दिलेली भेंडी हातात घेऊन ती पावशेराला किती कमी आहे ते सांगत. ते खरंच असायचं, त्यामुळे भाजीवालीनं आमची गल्लीच सोडली आणि आम्हाला भाजीसाठी बाजारापर्यंत जावं लागू लागलं. गंमत वाटायची, पण खरं सांगायचं तर मला त्यांच्याकडे पाहवत नसे. जेवण कमी झालं होतं. दुपारी शेडच्या वाटेनं ट्रकचा हॉर्न वाजला की ते मान वर करत आणि मग उगाच टोपी नीट करत. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, पण आबांचा पीळच सुटत चालला होता.

तर त्या संध्याकाळी जेवताना आबांनी जाहीर केलं की सुनेची बॅग ते भरणार. नवरा हसला.

"आबा, ते केळीचं पोतं नाही. विमानाचा मामला आहे. वहाँ ग्राम ग्राम का हिसाब होता है."

"अन् मी आतापर्यंत काय मणामणानं देत होतो?"

"जास्त निघालं तर पैसे कोण भरीन?"

"निघणार नाही."

"अन् निघालं तर?"

आबांनी ताट बाजूला सारलं. "निघालं तर मी पुन्हा काट्याचं नाव काढणार नाही. तुह्या शेडकडं बघणार बी नाही. पण माझं बरोबर आलं, एक रुपया बी वर भरायले नाही लागला, तर सोमवारपासून मी काट्यावर बसीन. बोल."

नवऱ्यानं भाकरी आमटीत बुडवली. मग म्हणाला, "मंजूर."

बाप-लेकांची ही नारळावरची कुस्ती ठरली आणि त्यातला नारळ कोण, हे सांगायला नको. मला मासे बघायचे होते एवढंच. पण त्या क्षणापासून माझ्या बॅगेत पंख आणि मास्क नव्हते, आबांची शेडवरची गादी होती. ती गादी त्यांना परत मिळावी असं मला मनापासून वाटत होतं, आणि माझ्याच बॅगेमुळे ती कायमची जाईल की काय, या भीतीनं मला धड झोप येईना.

शनिवारी दुपारचं विमान होतं. शुक्रवारी सकाळी आबांनी शेडच्या माळ्यावरून आपला जुना तराजू मागवला. आमच्या दिवाणखान्याच्या छताला पाळण्याची कडी आहे. तिच्यात माझी दोन्ही मुलं झुलली, आता तिच्यात तराजू लटकला. आबांनी धोतर वर खोचलं, पारडी पुसली, काटा डोळ्यांसमोर धरून पाहिला. पहिल्यांदा त्यांनी धडा केला. म्हणजे रिकामी बॅग एका पारड्यात ठेवली आणि दुसऱ्या पारड्यात विटेचे तुकडे, खिळे, गव्हाची मूठ असं घालत घालत काटा अगदी मधोमध आणून उभा केला. किती शास्त्रशुद्ध काम आहे, असं मला वाटलं. मी कौतुकानं बघत राहिले. मी नववीला विज्ञानाचे तासही घेते, हे इथे सांगायला मला थोडी लाज वाटते.

मग त्यांनी दुसऱ्या पारड्यात लोखंडी वजनं ठेवली, पंधरा किलोची, आणि भरायला सुरुवात केली. शेडवरून केळीची वाळकी पानं आणवली होती. तळाला पानांचा थर, त्यावर पंख उलटसुलट, एकाच्या पोटात दुसरा. जाकीट त्यांनी आधी हातानं दाबून दाबून त्यातली उरलीसुरली हवा काढली. पितळेचा गट्टू जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून मधोमध ठेवला, कारण जड माल नेहमी पोटात जायला हवा. मास्क सुटाच्या घडीत. मी त्यांना पाहिजे ते हातात देत होते आणि ते न बघता हात पुढे करत होते.  

मी दराब्याचा डबा पुढे केला. तिथल्या शिकवणाऱ्या सरांना आमच्या गावची मिठाई म्हणून न्यायचा होता.

"खायचं हातात धरून ने," आबा म्हणाले. "मालात खाऊ ठेवत नसतात."

"एवढासाच आहे, आबा."

"एवढंसंच म्हणत म्हणत ट्रक उलटतो."

दारात गल्ली जमली होतीच. कुणी म्हणालं, सूनबाईला सासरा समुद्रात पाठवून राहिला. कुणी विचारलं, टाकी कुठंय. आबांनी कुणाकडेच लक्ष दिलं नाही. शेवटचं पान ठेवलं, चेन लावली, हात वर केला आणि सगळे गप्प झाले. काटा मधोमध उभा राहिला, जरासाही हलला नाही. आबांनी माझ्याकडे पाहिलं.

"आता यात सुई बी टाकजो नको."

संध्याकाळी नवरा आला. त्यानं बॅग उचलून पाहिली आणि भुवया वर केल्या. "शेडवरच्या काट्यावर एकदा टाकून पाहू का?" त्यानं विचारलं. आबांनी नुसतं त्याच्याकडे पाहिलं. नवऱ्यानं बॅग खाली ठेवली आणि हात धुवायला निघून गेला.

शनिवारी सकाळी आम्ही तिघं निघालो. आबांना सोबत यायचंच होतं. माल भरला की गाडी हलेपर्यंत जागा सोडायची नाही, हा त्यांचा नियम. त्यांनी इस्त्रीचा सदरा आणि नवी टोपी घातली होती. असीरगड मागे पडला, खंडव्याला चहा झाला, भेरूघाटात प्रत्येक वळणाला आबा मागे वळून डिकीकडे बघत होते. नवरा आणि आबा वाटेत पावसाबद्दल बोलले, केळीच्या भावाबद्दल बोलले, पैजेबद्दल कुणीच बोललं नाही. मी मात्र मनात किलो मोजत होते.

विमानतळात तिकीट असलेल्यालाच सोडतात. आबांना हे माहीत नव्हतं. दारावरच्या जवानाला ते म्हणाले, "बेटा, हमको अंदर नहीं जाना, बस काटा देखना है।" जवानानं नम्रपणे नकार दिला. मग बाप-लेक बाहेरच्या मोठ्या काचेला नाक लावून उभे राहिले आणि मी एकटी बॅग ढकलत आत गेले.

काउंटरवरच्या मुलीनं बॅग पट्ट्यावर ठेवायला सांगितली. मी ठेवली. लाल आकडे लुकलुकले आणि थांबले. एकोणीस किलो चारशे.

मी आधी आकड्यांकडे पाहिलं, मग त्या मुलीकडे, मग बॅगेकडे. बॅगेची चाकं, बॅगेचा आतून जाणारा लोखंडी दांडा, ते जाड मेणकापड. आणि डोळ्यांसमोर आबांचा तराजू उभा राहिला, एका पारड्यात रिकामी बॅग आणि समोर विटेचे तुकडे. आमच्याकडे जन्मभर हेच चालत आलंय. केळी असो, कापूस असो, आधी बारदाना वजा. पोत्याचं, टोपलीचं, गाडीचं वजन मालात धरायचं नसतं, धरणारा चोर. आबांनी पंधरा किलो माल भरला होता, अगदी बरोबर भरला होता. बॅग हा बारदाना आहे, आणि विमानवाले बारदान्याचेही पैसे घेतात, हे त्या प्रामाणिक माणसाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. मी समोर बसून पाहिलं, माझ्याही आलं नव्हतं.

"मैडम, चार किलो से ऊपर एक्स्ट्रा है," मुलगी म्हणाली.

 मी म्हटलं, "इसमें से बारदाना काट दीजिए ना।"

ती तोंडावर हात ठेवून हसायला लागली. "आंटी, मेरे पापा सोयाबीन की मंडी में हैं। उन्हें पता चला कि यहाँ बारदाना नहीं कटता, तो वो यहीं धरने पर बैठ जाएँगे।"

हसून झाल्यावर तिनं पैसे भरायची खिडकी दाखवली. ती खिडकी नेमकी काचेला लागून होती, वर मोठ्या अक्षरांत पाटी. आदल्या वर्षी मी तिथेच उभी राहिले होते आणि नवऱ्यानं बाहेरून कपाळावर हात मारला होता. मी काचेकडे पाहिलं. आबा हाताची पाचही बोटं नाचवून विचारत होते, किती? मी हातानं थांबा म्हटलं आणि बॅग ओढत एका जाड खांबाच्या मागे गेले.

वजन बॅगेचं मोजतात, बाईचं मोजत नाहीत. एवढंच मला त्या क्षणी कळलं आणि ते पुरेसं होतं.

खांबामागे मी बॅग उघडली. विमानतळाच्या चकचकीत फरशीवर केळीची वाळकी पानं पसरली आणि झाडूवाल्या बाईनं माझ्याकडे असं काही पाहिलं, जणू मी शेण सांडलं होतं. मी सूट आणि जाकीट बाहेर काढलं, पानं गोळा केली, बॅग बंद केली आणि बायकांच्या स्वच्छतागृहात शिरले. कोरड्या अंगावर रबराचा सूट चढवणं म्हणजे आंब्याला सोलल्यावर पुन्हा साल घालण्यासारखं आहे. पायात साडीच्या दुकानाची प्लॅस्टिकची पिशवी घातली म्हणजे पाय सरकतो, ही युक्ती मला ठाऊक होती, म्हणून निदान पाय तरी गेले. बाहेर कुणीतरी दार वाजवत होतं आणि आत मी एका पायावर नाचत होते. सुटावर कुडता, कुडत्यावर जाकीट, जाकिटावर ओढणी. आरशात पाहिलं तर डोहाळजेवणाला निघालेली पहिलवानीण दिसत होती. मे महिना, इंदूर, आणि आतून मी भरताच्या वांग्यासारखी भाजत होते.

आता पुन्हा काउंटरपर्यंत जायचं म्हणजे काचेसमोरून जायचं. मी मान खाली घालून निघाले. वर पाहायचं नाही असं ठरवलं होतं आणि अर्थात पाहिलं. आबा दाराकडे बघत होते, कारण कुणाची तरी गाडी हॉर्न वाजवत होती. पण नवरा सरळ माझ्याकडे बघत होता. त्यानं मला ओळखलं, मग माझं पोट ओळखलं, मग जाकीट ओळखलं.  संपलं, आता हा आबांना बोट दाखवून सांगणार.

नवऱ्यानं आबांच्या खांद्यावर हात टाकला आणि त्यांना पाठमोरं वळवलं. बाहेर कुंड्यांमध्ये शोभेची झाडं होती, त्यांत एक केळीसारखं दिसणारं होतं. त्याच्याकडे हात करून तो आबांना काहीतरी विचारू लागला. आबांनी त्या पानाला चिमटीत धरलं आणि मान हलवत काही सांगायला लागले. दोघांच्या पाठी काचेकडे होत्या. मी तशीच उभी राहिले आणि मागच्या माणसानं "मैडम, आगे बढ़िए" म्हटल्यावर चालू लागले.

या वेळी आकडे चौदा सहाशेवर थांबले. मुलीनं माझ्या अवताराकडे पाहिलं, ओठ घट्ट दाबले आणि बॅगेला चिठ्ठी लावली. मी नवऱ्याच्या फोनवर फोन लावला. तो आबांनी घेतला.

"किती?"

"चौदा सहाशे, आबा! एक रुपया पण लागला नाही."

 आबा म्हणाले, "खोटं."

 "खोटं कसं आबा, आकडा समोर आहे."

"मी पुरं पंधरा भरलं होतं. चारशे ग्राम कुठं गेलं? काटा मारतो त्यांचा! दे त्या पोरीले फोन."

मी फोन त्या मुलीला दिला. ती सावरून बसली. "जी दादाजी... जी... नहीं दादाजी, आपका तौल ग़लत नहीं हो सकता... जी, आज ही चेक करवाते हैं मशीन." फोन परत देताना तिच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलं होतं. सोयाबीनवाल्याची मुलगी, तिला सगळं कळलं होतं.

सुरक्षा तपासणीत माझ्या अंगावरचं प्रत्येक कडं पीं पीं करून बोललं. पडद्याआडच्या बाईनं ओढणी बाजूला केली, जाकीट पाहिलं, कुडत्याच्या बाहीतून डोकावणारं काळं रबर पाहिलं.

"ये क्या है?"

"मछली देखने के कपड़े हैं," मी म्हटलं. त्याहून खरं उत्तर माझ्याकडे नव्हतं. तिनं जाकीट काढायला लावलं, यंत्रातून घातलं, तिच्या वरिष्ठ बाईंना बोलावलं, त्यांनी तिसरीला बोलावलं. शेवटी तिघींनी मिळून मला समुद्रात शार्क असतात का ते विचारलं आणि सोडून दिलं.

आत जाऊन मी सूट उतरवला, तोंड धुतलं आणि खुर्चीत येऊन बसले. विमानाला वेळ होता. फोन वाजला. नवरा होता. घाटाच्या अलीकडे चहाला थांबले होते आणि आबा शेववाल्याशी भांडायला गेले होते, कारण त्याच्या पावशेरात काहीतरी कमी होतं.

"पाण्यानं भरलेल्या मशकेसारखी दिसत होतीस," तो म्हणाला.

"म्हणजे पाहिलंत."

"पाहिलं."

"मग बोलला का नाहीत? पैज तर तुम्ही जिंकला होता."

  तो हळू आवाजात म्हणाला, "मला जिंकायचंच कुठं होतं. त्यांना काट्यावरून मीच उठवलं ना. रोज घरी येतो, ते ओट्यावर बसलेले असतात, अन् मी चप्पल काढायचं नाटक करत खाली बघून आत जातो. परत बसा म्हणायचं तर कोणत्या तोंडानं म्हणू? ते पैज घेऊन आले तेव्हा मला वाटलं, बरं झालं, सुटलो. अन् तू एकोणीस किलो घेऊन उभी."

"बारदाना धरला नव्हता त्यांनी."

"मला माहीत होतं. काल बॅग उचलली तेव्हाच हाताला कळलं, एकोणीस तरी आहे. पण त्यांच्यासमोर पुन्हा तोलायची हिंमत झाली नाही."

 वीस वर्षं ज्या माणसाला मी कंजूस आणि हट्टी म्हणत आले, त्याच्यावर त्या खुर्चीत बसून मला इतकं प्रेम आलं की शेजारच्या बाईंनी मला रुमाल दिला. ते दोघं घाटाच्या अलीकडे, मी काचेच्या आत, आणि मी विमानात बसायच्या ऐवजी उठून घरी जावं की काय असं मला खरंच वाटलं.

तेवढ्यात मागून आबांचा आवाज आला, खणखणीत, कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता तसा.

"कोणाशी बोलून राहिला? चाल लवकर. उद्या सकाळी माल येईन, काट्यावर कोण बसीन?"

"आबा, उद्या रविवार," नवरा म्हणाला. "शेड बंद असते."

"तर उघड," आबा म्हणाले.